दगडाचा पोत

मंडळी, आज जरा दगडांविषयी. फोटोवरून खडकाची ताकद सांगता येते म्हणे! मला आधी हे हात बघून भविष्य सांगण्यासारखंच वाटलं. भाचा बोगद्याच्या कामावर भूवैज्ञानिक आहे, त्याने वहीत चौकोन आखून समजावलं.

फोटो म्हणजे करड्या छटांचे बारीक चौकोन. प्रत्येक छटेला एक आकडा. मग मोजायचं, कोणत्या आकड्याशेजारी कोणता आकडा किती वेळा बसलाय. एकजिनसी दगडात सारख्याला सारखा शेजार मिळतो, ठिपकेवाल्यात काळ्याला पांढरा खेटतो. या मोजणीच्या तक्त्यावरून पोताचे १४ गुण काढायची रीत रॉबर्ट हॅरॅलिक आणि दोन सहकाऱ्यांनी १९७३ साली मांडली. त्यांनी तपासलेल्या चित्रांत पाच प्रकारच्या वालुकाश्मांचे सूक्ष्मदर्शकातून घेतलेले फोटोही होते. त्यातल्या ८९ टक्के ओळखी बरोबर निघाल्या. (माझ्या वर्गात हजेरीसुद्धा एवढी नसे!)

पण दगड ओळखणं निराळं आणि त्याची ताकद सांगणं निराळं. त्यासाठी आधी बरेच नमुने प्रयोगशाळेत दाबयंत्राखाली फोडावेच लागतात. फोडण्याआधीचा पोत आणि फुटतानाचा दाब, दोन्ही शेजारी ठेवून संगणक नातं शोधतो. म्हणजे फोडलेल्या दगडांच्या जिवावरच न फोडलेल्यांचा अंदाज.

आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये हे पटण्यासारखं आहे. घट्ट काळा पाषाण मजबूत. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, तर तो खडक त्या मानाने कमजोर. पुढे पोकळ्यांत पांढरी खनिजं भरतात, ते ठिपके फोटोत स्वच्छ दिसतात. मात्र लाव्ह्याच्या दोन थरांमधला लाल मातकट पट्टा करड्या फोटोत चांगला गुळगुळीत दिसू शकतो, आणि पाण्याने तोच ढिला पडतो. ओला दगड काळपट दिसतो, ती आणखी एक फसगत. शिवाय पाषाणाचा तुकडा कितीही कणखर असो, निवताना पडलेल्या भेगांनी अख्खा खडक सुटा झालेला असू शकतो. हातभर फोटोत ते कुठलं दिसायला?

आणि त्या छताखाली माणसं उभी असतात हो. म्हणून विचारलं, फोटोने घात केला तर? म्हणाला, "मामा, फोटोवर कोण विसंबतंय? छत हातोड्याने वाजवून बघतोच. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर सगळ्यांना मागे घेतो."

ताई, तू हे वाचतेस म्हणून मुद्दाम लिहिलं.