बंगळूर पाहावे तिथीने

मुलगा किंवा मुलगी बंगळूरला नोकरीला आहे, असे घर आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर सांगली-लातूरकडेही सापडते. आईवडील वर्षातून एकदा पंधरा दिवस, महिनाभर जाऊन येतात. पहिल्या रविवारी लालबाग आणि विधानसौध, दुसऱ्या रविवारी म्हैसूर, मधल्या एखाद्या दिवशी चिकपेटेत साडीखरेदी. उरलेले दिवस मुले कामावर आणि आईवडील तेराव्या मजल्यावरच्या गॅलरीत, खालची वाहने मोजत. परत आल्यावर शेजाऱ्यांना सांगायला एकच वाक्य असते: हवा छान आहे, पण गावात पाहण्यासारखे फारसे काही नाही.

पाहण्यासारखे भरपूर आहे. फक्त ते तारीख बघून जाणाऱ्याला सापडत नाही. बंगळूर हे तिथीने पाहायचे गाव आहे. आणि मराठी माणसाला त्यासाठी वेगळे पंचांगही शोधावे लागत नाही. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात शालिवाहन शक एकच, महिनेही दोन्हीकडे अमावास्येला संपणारे. म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कालनिर्णय पाहून सुनेला किंवा लेकीला फोन केला, तरी तिकिटाची तारीख ठरते. येत्या वर्षात जायचे असेल, तर पुढच्यापैकी एखादी तिथी गाठून जावे.

मुंबईहून निघालेली उद्यान एक्स्प्रेस बंगळूरच्या मुख्य स्थानकात पोचते. त्याला आज क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव आहे. समोर रस्त्यापलीकडे मॅजेस्टिकचे प्रचंड बसस्थानक. तिथे उभे राहिलेल्या प्रवाशाला कोणी सांगितले, की आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत, तर त्याला ते खरे वाटणार नाही. पण इथे धर्मांबुधी नावाचे तळे होते. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या या गावाला नदी नव्हती; गाव जगले ते तळ्यांवर. शहर वाढत गेले तशी तळी आटवली गेली, बुजवली गेली. धर्मांबुधीचे बसस्थानक झाले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम आले. नकाशावर त्यांचा मागमूस नाही. सणांना मात्र ती अजून आठवतात.

संपंगी तळ्याची आठवण निघते ती चैत्री पौर्णिमेला, म्हणजे आपल्याकडच्या हनुमान जयंतीच्या रात्री. जुन्या पेठेतल्या धर्मराय स्वामींच्या देवळातून त्या रात्री ‘करग’ निघतो. हे देऊळ पांडवांचे आणि द्रौपदीचे. उत्सव तिगळ समाजाचा. तिगळ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फुले, फळे आणि भाजीपाला पिकवणारे माळी. बंगळूरच्या तळ्यांखालच्या बागा यांच्याच हातच्या. पांडव स्वर्गाच्या वाटेवर असताना मागे राहिलेल्या द्रौपदीला तिमिरासुराने अडवले. तिने आदिशक्तीचे रूप घेऊन वीरकुमारांची सेना उभी केली आणि त्याचा नाश केला. ती निघाली तेव्हा वीरकुमारांनी तिला थांबण्याची गळ घातली. दरवर्षी एकदा येईन, असे वचन देऊन ती गेली. ते तिचे येणे म्हणजे करग.

उत्सव नऊ-दहा दिवसांचा असला, तरी सारे गाव जागते ते पौर्णिमेच्या रात्री. मध्यरात्र उलटून गेल्यावर पुजारी देवळाबाहेर येतो. अंगावर केशरी साडी, हातात बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. हे सौभाग्यलेणे त्याच्या पत्नीचे असते आणि ती तेवढे दिवस त्याच्या दृष्टीआड राहते, अशी प्रथा सांगतात. डोक्यावर मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला उंच मनोरा, आत मातीचा घट. त्याला हात लावायचा नाही. अरुंद गल्ल्यांतून, हजारोंच्या गर्दीतून, तो तोल सांभाळत जवळजवळ नाचत पुढे जातो. भोवती उघड्या अंगाचे वीरकुमार नंग्या तलवारी घेऊन गोविंदाचा घोष करीत धावत असतात. घट पडला तर या तलवारी पुजाऱ्यावरच चालवायच्या, असा जुना दंडक आहे. तसा प्रसंग येत नाही, पण दंडक सगळ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे करग वळणावर जरा झुकला की गल्लीचा श्वास अडकतो.

वाटेत कॉटनपेटेत मस्तान साहेबांचा दर्गा लागतो. करग तिथे थांबतो, दर्ग्यात त्याचे स्वागत होते आणि मग मिरवणूक पुढे सरकते. पेठेतल्या लोकांना यात नवल वाटत नाही. बाहेरच्यांनाच त्याची बातमी करावीशी वाटते.

आणि पाणी? करगाचे विधी पाण्याच्या काठीच व्हायला हवेत. पौर्णिमेच्या आधी ‘हसी करग’ म्हणजे ओला करग संपंगी तळ्याकाठी होतो. तळे राहिलेले नाही. स्टेडियमच्या शेजारी त्याचा चौकोनी कुंडाएवढा तुकडा ठेवला आहे, आणि तो ठेवला आहे तो मुख्यतः या विधीसाठी. एका मोठ्या तळ्याचा तेवढाच भाग वाचला, आणि तो वाचवला मतांनी किंवा मोर्च्यांनी नव्हे, माळ्यांच्या एका रात्रीने. त्या माळ्यांच्या बागा मात्र वाचल्या नाहीत. तिथे आज इमारती आहेत. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे गर्दीला मज्जाव होता, तेव्हाही देवळापुरता करग झालाच.

याच सुमारास चामराजपेटेत रामनवमीचा संगीत उत्सव असतो. श्री रामसेवा मंडळीने तो १९३९ साली सुरू केला. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर मांडव पडतो आणि महिनाभर गाणे चालते. एम. एस. सुब्बलक्ष्मी इथे गायल्या, टी. चौडय्यांचे व्हायोलिन इथे वाजले. कर्नाटक संगीत कळत नाही म्हणून संकोच करू नये. रामनवमीला गावभर मिळणारे पानक, म्हणजे सुंठ-वेलदोड्याचे गुळाचे पाणी, आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी हातात आली की कोशिंबीर हा शब्द कुठे कुठे फिरून आला आहे, याचा विचार करायला रात्र पुरते.

भाद्रपदात बंगळूरला जाणाऱ्या मराठी गृहिणीला पहिल्याच दिवशी कोडे पडते. तिथे गौरी गणपतीच्या आधी येते. आपल्याकडे हरितालिका असते त्या तृतीयेला त्यांची स्वर्णगौरी. आई एक दिवस आधी माहेरी येते आणि दुसऱ्या दिवशी लेक तिच्यामागून. आपल्या ज्येष्ठा गौरी मात्र गणपती बसल्यावर येतात. वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही घरच्या सुना खूश राहतात. या दिवशी तिथे ‘बागिन’ देतात. दोन सुपे, एकावर एक झाकलेली. आत हळदकुंकू, बांगड्या, खणाचे कापड, धान्य, डाळी, गूळ, नारळ. मकरसंक्रांतीचे आपले वाण आठवावे असाच हा प्रकार. शेजारच्या फ्लॅटमधून असे सूप आले, तर नुसते आभार मानून भागत नाही. आपल्याकडूनही काही जावे लागते आणि तिथून ओळखीला सुरुवात होते. विसर्जनासाठी हलसूर, सँकी आणि यडियूर या उरलेल्या तळ्यांशेजारी वेगळी कुंडे बांधलेली आहेत.

८ सप्टेंबरला शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात मेरीमातेचा उत्सव असतो. आधीचे नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना चालते. इथली माता साडी नेसलेली आहे, तिचे अनेक भक्त भगव्या वस्त्रांत येतात आणि शेवटी रथ निघतो. शिवाजीनगर या नावाने मराठी पाहुणा थबकतो, पण मराठी इतिहास खरा शोधायचा तो मल्लेश्वरमला.

शहाजीराजे आणि रणदुल्लाखान यांनी १६३८ मध्ये बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बालशिवाजी जिजाऊंबरोबर काही काळ इथे राहून गेले. जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’त ज्या दरबाराचे वर्णन केले, तो शहाजीराजांचा. पुढे एकोजीराजांनी इथून कारभार पाहिला आणि नंतर ते तंजावरला गेले. १६८७ मध्ये गाव मोगलांनी घेतले आणि लगेच म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. अर्ध्या शतकाच्या या मुक्कामाची खूण म्हणून काडू मल्लेश्वराच्या देवळात एकोजीराजांचा १६६९ चा शिलालेख आहे. देवाला गाव इनाम दिल्याचा. ‘काडू’ म्हणजे रान. आज भोवती रान नाही, पण झाडे बऱ्यापैकी आहेत. देवळासमोरच्या जागेत १९९७ मध्ये मातीखाली गाडले गेलेले नंदीतीर्थ सापडले. नंदीच्या मुखातून पडणारे पाणी खालच्या शिवलिंगावर येते आणि पुढे कुंडात जाते. मेट्रोने मंत्री स्क्वेअर संपिगे रोड स्थानकावर उतरून तिथे जाता येते.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी मात्र बसवनगुडीच गाठावी. दोड्ड बसवण्णा म्हणजे मोठ्या नंदीच्या देवळापाशी ‘कडलेकाई परिषे’ भरते, शुद्ध मराठीत शेंगांची जत्रा. गोष्ट अशी, की सुंकेनहळ्ळी, मावळ्ळी, गवीपूर या वाड्यांतल्या शेतकऱ्यांचा भुईमूग रात्री एक बैल फस्त करी. पाठलाग केला तर तो टेकडीवर दगड होऊन बसला. लोकांनी देऊळ उठवले आणि पहिले पीक त्याला देऊ लागले. देऊळ केंपेगौडाने बांधले म्हणतात. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तेव्हा केंपेगौडाच्या काळी तो इथल्या शेतात होता का, असे एखादा चिकित्सक विचारील. त्याच्या हातात गरम शेंगांचा पुडा द्यावा.

जत्रेत रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग लागतात: कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या; लाल दाण्याच्या, दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या. माप शेराचे. शेतकरी चिंतामणी, कोलार, मागडी या भागांतून, काही थेट तमिळनाडूतून येतात. बसवनगुडीत भुईमुगाचे एकही शेत उरलेले नाही. ज्या वाड्यांसाठी जत्रा सुरू झाली, त्या सर्व मोहल्ले झाल्या. नंदीच्या पायाशी वृषभावती नदी उगम पावते, अशी श्रद्धा आहे. ती नदी आज शहराचे सांडपाणी वाहून नेते, आणि तिच्या नावाने दिवा लावणारे लोकही तिच्या काठी जात नाहीत. शेंगा तेवढ्या दरवर्षी देवापुढे पडतात. नॅशनल कॉलेज मेट्रो स्थानकावरून चालत जावे, गाडी नेऊ नये, आणि घरी नेण्यासाठी भक्कम कापडी पिशवी बरोबर ठेवावी.

संक्रांतीला गेल्यास तिळगुळाऐवजी ‘एळ्ळु-बेल्ल’ मिळते: पांढरे तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे, डाळे यांचे मिश्रण, सोबत साखरेची चित्रे आणि उसाचे कांडे. देताना सांगायचे तेच, गोड बोला. त्या संध्याकाळी गवीपूरच्या गवी गंगाधरेश्वराच्या गुहेत मावळत्या सूर्याचे किरण नंदीच्या शिंगांमधून शिवलिंगावर येतात. ढग असले तर येत नाहीत, आणि गर्दी दुपारपासूनच असते. याच दिवसांत बाजार अवरेकाईने, म्हणजे आपल्या पावट्याने भरलेला असतो. दाणे भिजवून सोलतात, डाळिंब्यांसारखेच. त्यांची आमटी, उपमा, दोसे, इतकेच काय जिलबीही करतात. अवरेकाईच्या मेळ्यात व्ही. व्ही. पुरम भागात संध्याकाळी उभ्या उभ्या खाता येते. जिलबी खावी की न खावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. डाळिंब्यांच्या उसळीवर वाढलेल्यांनी हितकिद बेळे सारू मात्र भाताबरोबर चाखावे, आणि जमल्यास सोललेले दाणे अर्धा किलो बांधून घ्यावेत. गाडीत एक रात्र ते टिकतात.