बी बाजू

माझ्या एका कॅसेटच्या दोन बाजू म्हणजे चुलत भावंडं होती. ए बाजूला ‘फ्री’, बी बाजूला ‘लीफ हाउंड’. मित्राच्या थोरल्या भावाने जर्मनीहून आणलेल्या सीडींवरून ती भरून दिली होती. नातं मला फार उशिरा कळलं. दोघांचं घराणं एकच, लंडनचा ‘ब्लॅक कॅट बोन्स’ हा ब्लूज बँड. पॉल कॉसॉफ आणि सायमन कर्क १९६८ मध्ये तिथून ‘फ्री’त गेले आणि दोन वर्षांत ‘ऑल राइट नाऊ’ जगभर वाजलं. मागे राहिलेल्यांना पुढे गायक पीटर फ्रेंच आणि गिटारवाला मिक हॉल्स मिळाले, नाव बदललं, ब्लूज जड आणि धुरकट झाला.

‘ग्रोअर्स ऑफ मश्रूम’ हा त्यांचा अल्बम. हॉस्टेलवर ‘फ्रीलान्स फीन्ड’ लागलं की शेजारचे भिंत ठोकत, म्हणून मी आवाज आणखी वाढवत असे. ‘विथ अ मिनिट टू गो’ हे संथ गाणं मात्र फॉरवर्ड करायचो. त्या वयात संथ म्हणजे वाया.

नोकरीला लागल्यावर कुठेतरी वाचलं, की अख्खा अल्बम मेफेअरमधल्या एका स्टुडिओत ११ तासांत उरकला होता. उरकला हाच शब्द. मग ‘वर्क माय बॉडी’ नव्याने ऐकलं. आठ मिनिटांहून लांब गाणं, पण वाजवणाऱ्यांना घड्याळ दिसतंय असं वाटत राहतं. सगळंच थोर नाही. शीर्षकगीत जरा पोरकट आहे, आणि फ्रेंच अधूनमधून उघडउघड रॉबर्ट प्लँट होऊ पाहतो. पण पुन्हा घेऊ, नीट करू, अशी सोयच नव्हती, आणि ते बरं झालं.

१९७१ मध्ये डेक्काने इंग्लंडात रेकॉर्ड काढली, तेव्हा बँड मोडलेला होता. फ्रेंच ‘अ‍ॅटॉमिक रूस्टर’मध्ये गायला लागला होता. आज त्या मूळ प्रतीसाठी संग्राहक हजारो पौंड मोजतात; मी मोबाइलवर फुकट ऐकतो, आणि संथ गाणं आता सोडत नाही.

फ्रेंचने पुढे लीफ हाउंड पुन्हा उभा केला. २००७ चा ‘अनलीश्ड’ मी मुद्दाम मिळवून ऐकला. वाजवलाय चोख, आवाज स्वच्छ. घाई तेवढी नाही, आणि मला नेमकी तीच हवी होती.