अंगात साठणारी काळजी

बैहरहून मुक्कीकडे निघालं की हळूहळू सरईचं, म्हणजे सालवृक्षांचं, रान रस्त्याला येऊन भिडतं. ऑक्टोबरात कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं दार उघडतं आणि पहाटेच्या धुक्यात पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांची रांग लागते. गवतात चितळं चरत असतात. एखादी मादी अचानक मान वर करते, कान टवकारते, पुढचा पाय आपटते. झाडावरून वानर खाकरतं. त्या क्षणी तिच्या अंगात काय उसळतं हे शरीरशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं, काळीज धडधडतं, साखर स्नायूंकडे धावते, पचन थबकतं, मागोमाग कॉर्टिसॉल येतं. वाघ दुसऱ्या वाटेने गेला की ती पुन्हा गवतात तोंड घालते. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननने शंभर वर्षांपूर्वी उलगडलेली ही व्यवस्था मला फार देखणी वाटते. घडीभराच्या संकटासाठी ती घडली आहे.

पण संकट घडीभराचं नसेल तर?

ज्याच्या भीतीने चितळं थरारतात, त्या वाघाचीच गोष्ट घ्या. कान्हा आणि बांधवगडातल्या वाघांची विष्ठा हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासली. तो अभ्यास 2019 साली छापून आला. वाघाला न छेडता त्याच्या ताणाचा अंदाज घेण्याची ही रीत. पर्यटनाच्या महिन्यांत ताणाच्या संप्रेरकांचे अंश जास्त आढळले, आणि गाड्या व माणसं वाढतील तसे तेही वाढताना दिसले. संप्रेरक वाढलं म्हणजे वाघ आजारी पडला, असं मात्र म्हणता येत नाही. विष्ठेतून अंगावरचा भार कळतो. त्या भाराखाली अंग कुठे मोडेल ते कळत नाही. ही मधली जागा मोकळी सोडण्याचा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो, कारण माणसाच्या बाबतीत आपण ती फार घाईने भरून टाकतो.

पोटातल्या अल्सरचंच पाहा. किती वर्षं लोक समजत होते की काळजीने आम्ल वाढतं आणि आम्लाने जखम होते. मग ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल यांनी त्यामागचा जिवाणू शोधला. 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. प्रतिजैविकांनी अल्सर बरे होऊ लागले, काळजीचं नाव मागे पडलं. पुढे डेन्मार्कमधल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की जिवाणू असो वा नसो, ताणाखाली असलेल्यांना अल्सर अधिक होतात. म्हणजे दोन्ही खरं. नुसत्या ताणावर बोट ठेवलं असतं तर औषध सापडलं नसतं. नुसता जिवाणू धरून बसलं तर पोटात जिवाणू असलेल्या कितीतरी जणांना अल्सर का होत नाही, याचं उत्तर अपुरं राहतं.

आमच्या शेजारच्या काकूंच्या पायाला कोयत्याची धार लागली होती. जखम लहानशी, पण भरता भरेना. काकांना स्मृतिभ्रंश, रात्री-अपरात्री उठून ते दार उघडायचे, गावी जायचंय म्हणायचे. काकूंची झोप कानातच असायची. साखर तपासली, ती ठीक निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ काकू मान डोलावून घरी आल्या आणि काकांची पँट बदलायला बसल्या.

मला तेव्हा 1995 सालचा एक अमेरिकी प्रयोग आठवला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या 13 बायका आणि तशाच वयाच्या, पण तो भार नसलेल्या 13 बायका. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. जखम भरायची तर आधी तिथे थोडी सूज यावी लागते, पेशींनी एकमेकींना हाक द्यावी लागते. त्या बायकांच्या रक्तपेशींत ही हाक देणारं एक रसायन कमी तयार होत होतं. कॉर्टिसॉल सूज दाबतं हे माहीतच आहे. म्हणून ही साखळी मला पटते. प्रयोग लहान होता, हेही विसरता येत नाही.

पण साखळीची पहिली कडी रक्तात नव्हतीच. ती रात्री दोनला वाजणाऱ्या दाराच्या कडीत होती. वाघांच्या अभ्यासकांनी उपाय सुचवला तो गाड्यांवर आणि गर्दीवर आवर घालण्याचा. वाघाला शांत राहायला कुणी सांगितलं नाही. काकूंना मात्र तेवढंच सांगून परत पाठवलं होतं.

आम्ही शेजाऱ्यांनी पाळ्या लावल्या. काही रात्री मी काकांजवळ झोपू लागलो. ते उठले की त्यांच्याबरोबर ओसरीवर बसायचं, गावाचं विचारायचं, मग हात धरून आत आणायचं. काकू आतल्या खोलीत दार लोटून झोपायच्या. पुढे जखम भरली. औषधाने, दिवस गेल्याने, की झोपेने, ते एका पायावरून ठरवता येणार नाही. पाळ्या मात्र आम्ही थांबवलेल्या नाहीत.