कोरा रकाना

पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी विस्ताराचे काम करतो आहे. शिवारात भेटलो की तुम्ही मला पिकांच्या अडचणी विचारता. आज मात्र मी माझीच एक चूक सांगणार आहे. चूक गावातली, पण तिचे ओझे मला खरे कळले ते हिमालयात.

२०१७ सालच्या सप्टेंबरअखेरीस अभ्यासदौऱ्यातील शेतकऱ्यांबरोबर मी हिमाचल प्रदेशातील लाहौल भागात गेलो होतो. हा मुलूख आपल्या माणदेशासारखाच पर्जन्यछायेतला. पावसाळी ढग अलीकडच्या डोंगरांवरच अडतात. तरीही तेथे वाटाणा आणि बटाटा उत्तम पिकतो, तो वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. डोंगरावरून पाटाने पाणी आणतात. त्या पाटाला तिकडे कूल म्हणतात.

चंद्रा नदीकाठच्या एका चहाच्या टपरीवर उन्हाने चेहरे करपलेली काही मुले भेटली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातली ही संशोधक मंडळी. जवळच असलेल्या छोटा शिग्री हिमनदीचा जमाखर्च त्यांचा गट २००२ पासून दरवर्षी मांडत आला आहे. त्यांच्या सामानात बांबूचे तुकडे पाहून मला नवल वाटले. "हे कशाला?" मी हिंदीत विचारले. "बर्फ मोजायला," एक मुलगा हसून म्हणाला.

हिमनदी म्हणजे नुसता साचलेला बर्फ नव्हे. आपली कणगी आठवा. वरून धान्य ओतायचे आणि तळाच्या भोकातून काढायचे. हिमनदीच्या वरच्या अंगाला दर हिवाळ्यात हिम पडते, थरावर थर दबून त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो स्वतःच्याच भाराने, थंडीतल्या काकवीसारखा, सावकाश खाली सरकतो. खालच्या अंगाला उन्हाळ्यात वितळतो. छोटा शिग्री सुमारे नऊ किलोमीटर लांब आहे आणि काही जागी तिच्या बर्फाची जाडी अडीचशे मीटरांच्या वर भरली आहे. वरचा भरणा कमी पडत गेला की थर पातळ होतो, भार घटतो, मग सरकणेही मंदावते आणि खाली बर्फ कमी पोचतो.

हे मोजायचे कसे? खालच्या अंगाला वाफेच्या यंत्राने बर्फात खोल भोक पाडून बांबू सोडतात. वर्षाने येऊन तो किती उघडा पडला ते पाहतात. विहिरीत खुणांची दोरी सोडावी, तसेच. बांबू जागेवरून किती पुढे गेला, यावरून नदीची चाल कळते. वरच्या अंगाला खड्डा खणून वर्षभराचे हिम मोजतात आणि त्याचे वजनही पाहतात, कारण भुसभुशीत हिम दिसते फार, भरते थोडे. काही वर्षी बर्फ वाढलाही. पण २००२ पासूनची सरासरी काढली तर दरवर्षी सुमारे अर्धा मीटर पाण्याइतका बर्फ घटतो आहे. पावणेचार हजार एकरांवर गुडघाभर पाणी उभे राहील, एवढा हा तोटा.

मी सहज विचारले, "एखादा बांबू सापडलाच नाही तर?"

"सापडला नाही, असे लिहितो."

मी चहाचा पेला खाली ठेवला. नोकरीच्या सुरुवातीला पर्जन्यमापकाची नोंद माझ्याकडे होती. एका श्रावणात मी दोन दिवस बहिणीकडे बारशाला गेलो. परतलो तेव्हा भांडे कोरडे होते. शेजारच्या गावात सर आली असे ऐकले, म्हणून मी सहा मिलिमीटर लिहून टाकले. पुढे गावकरी पावसाच्या खंडाचा दाखला मागायला आले. शिवारात एकवीस दिवस थेंब नव्हता. माझ्या कागदावर मात्र खंड मधेच मोडला होता. त्यांचा अर्ज फेटाळला गेला. एक वयस्क आप्पा मला म्हणाले, "साहेब, त्या दिवशी आभाळात ढग नव्हता. तुमच्या वहीत पाऊस कुठनं आला?" मी काहीच बोललो नाही.

दौऱ्यावरून आल्यावर त्यांच्या घरी गेलो. आप्पा वारले होते. त्यांच्या मुलाला मी सगळे खरे सांगितले. तो म्हणाला, "आप्पांना ठाऊक होतं."

आपल्या कृष्णा-गोदावरीला हिमनदीचे पाणी नाही. आभाळातून पडेल आणि जमिनीत मुरेल, तेवढेच आपले. म्हणून घरटी एक वही ठेवा. दर महिन्याच्या एकाच तारखेला विहिरीत दोरी सोडून पातळी लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडे हे काम द्या, ती चुकणार नाही. आणि मोजायचे राहिले, तर अंदाजाने भरू नका.

आप्पांचा मुलगा आता अशी वही ठेवतो. मागच्या वर्षीचे दोन रकाने कोरे आहेत. ते पाहिले, आणि उरलेल्या दहांवर माझा विश्वास बसला.