ठोकळ्यांचा सातबारा

आमच्याकडे सध्या जमिनीचा वाद चालू आहे. जमीन माइनक्राफ्टमधली आहे, पण भांडण अगदी अस्सल!

लेक इथे नाशिकला, भाचा पुण्याला. दोघांनी मिळून दोन वर्षांत एक गाव उभं केलंय. घाट, वाडा, हिरव्या ठोकळ्यांची द्राक्षबाग. (त्या गेममध्ये द्राक्षंच नाहीत. नाशिककरांवर हा सरळ अन्याय आहे.) पण गाव राहतं भाच्याच्या टॅबमध्ये. त्यानं उघडलं तर हिला आत जाता येतं, तो बाहेर पडला की हीसुद्धा बाहेर.

परवानग्या तीन प्रकारच्या. पाहुण्यानं नुसतं बघायचं, एक ठोकळाही हलवायचा नाही. सभासदानं बांधावं, पाडावं. चालकाला त्यावर हुकूमही सोडता येतात. भाच्यानं हिला केव्हाच चालक केलंय, मुलगा मनाचा मोठा आहे. पण चालक म्हणजे मालक नव्हे. दरमहा पैसे भरून गाव कंपनीच्या सर्व्हरवर ठेवता येतं, मग मालक झोपला असला तरी बाकीचे खेळू शकतात. तिथेही मालक एकच, आणि त्यानं पैसे थांबवले की दार बंद.

हे सगळं ऐकताना मला आपला सातबारा आठवत होता. नमुना सातमध्ये जमीन कोणाची, नमुना बारामध्ये तिच्यात काय पिकलं. सातवर निदान चार-सहा नावं एकत्र लागतात, वाटणी होईपर्यंत सामाईक म्हणून. गेमवाल्यांना एवढंही सुचलं नाही?

अर्थात आपल्याकडे तरी कुठे सगळ्यांची नावं लागत होती म्हणा. माझी आत्या लग्नाआधी निफाडच्या बागेत छाटणीपासून विरळणीपर्यंत सगळं करायची. सातवर नावं फक्त भावांची. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. आत्याचं लग्न १९८८ चं. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत गेली, तोवर बाग विकून झाली होती. आत्या अजूनही द्राक्षं घेताना घड उलटा करून बघते आणि "विरळणी नीट नाही केली" म्हणते.

तर, भाचा आता दहावीत. जूनपासून टॅब कपाटात जाणार, म्हणजे गावही कपाटात. शेवटी असं ठरलं की त्यानं गावाची नक्कल हिला पाठवायची. पण नक्कल म्हणजे वाटणीच की. इथून पुढे हिच्या गावात जे बांधलं जाईल ते त्याच्या गावात नसणार. वाटणी म्हटल्यावर लेक दोन दिवस गप्प होती.

रविवारी फाइल आली. आता मालकीण ही. भाच्याचा लगेच फोन, "ए, मला पाहुणा नको हं करूस."

अजून उत्तर दिलेलं नाही तिनं. दादाला जरा ताटकळत ठेवणार म्हणते :-)