टक्का आणि कौल

मतदान आटोपून टक्का जाहीर झाला की त्यातून कौल वाचण्याची आपल्याकडे घाई होते. टक्का वाढला तर लोक सरकारवर चिडलेत, घसरला तर कार्यकर्ते थंड पडलेत, असे आडाखे बांधले जातात. मध्य प्रदेशात सौंसरच्या पुढे, छिंदवाड्याच्या रस्त्यावर, कन्हान नदीकाठी वसलेलं रामाकोना ज्या टापूत येतं, तिथले आकडे या आडाख्यांना जुमानत नाहीत. छिंदवाडा लोकसभा मतदारसंघात 2019 साली 82 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि काँग्रेसचे नकुल नाथ 37,536 मतांनी निवडून आले. 2024 साली मतदान 80 टक्क्यांच्या जवळ राहिलं आणि भाजपचे विवेक बंटी साहू 1,13,618 मतांनी जिंकले. टक्का किंचित हलला, कौल पार फिरला. त्याहून बोलका पुरावा मधल्या निवडणुकीचा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये याच मतदारसंघातल्या सातही विधानसभा जागा, सौंसर आणि पांढुर्णा धरून, काँग्रेसकडे गेल्या होत्या. भरघोस मतदानाची सवय आणि पक्षाचा कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्याच वाचल्या पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे.

मग ही सवय येते कुठून? 19 एप्रिल 2024 ला, त्याच दिवशी, सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्या रामटेकमध्ये 61 टक्के आणि नागपुरात 54 टक्के मतदान झालं. भाषा तीच, पोळा तोच, संत्र्याच्या बागा आणि कपाशी दोन्हीकडे. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेने मधून रेघ ओढली एवढंच. यावर कोणी म्हणेल की नागपूर शहर आहे आणि शहरी यादीत घर बदलून गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं राहतात. ते खरं आहे, पण काटोल आणि सावनेरसारखे ग्रामीण भाग रामटेक मतदारसंघातच येतात, आणि त्या मतदारसंघाचा टक्काही 61 वरच थांबला. कोणी म्हणेल, छिंदवाड्यात लढत काँग्रेस नेते कमलनाथ, म्हणजे नकुल नाथांचे वडील, यांच्या घराण्याच्या प्रतिष्ठेची होती. तेही मान्य; मध्य प्रदेशाची सरासरी 67 टक्क्यांच्या आतच राहिली, तेव्हा चुरशीचा वाटा निश्चित मोठा आहे. पण चुरस माणसाला घरातून उठवून रांगेत आणून उभं करत नाही. ते काम बूथवर होतं.

लहान गावाच्या बूथवर हजार-बाराशे नावांची यादी असते आणि आत बसलेला पोलिंग एजंट त्यातल्या बहुतेकांना चेहऱ्याने, वडिलांच्या नावाने आणि वावराच्या शिवेने ओळखतो. मतदार आत आला की यादीतल्या नावावर खूण होते. दुपारी ऊन तापलं की खूण नसलेली नावं बाहेरच्या टेबलावर येतात आणि मोटारसायकली निघतात: म्हातारीला आणायला, वावरात गेलेल्याला हाक द्यायला, नागपूरला कामावर असलेल्या पोराला फोन करायला. न येणं इथे लपत नाही. पैसा आणि दारू यांचा आक्षेप येतोच. तो खोटा नाही, पण पैशाने मतदान वाढतं असं धरलं, तरी ज्याच्याकडून घेतलं त्याच्याच नावापुढचं बटण दाबलं जातं हे त्यातून सिद्ध होत नाही.

कलाचं गणित वेगळं चालतं. 2023 साली कमलनाथ मुख्यमंत्रिपदाचे दावेदार होते. आपल्या भागाचा माणूस भोपाळला बसावा हा विचार सरळ होता. राज्य सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे तेव्हाही महिलांच्या खात्यात येत होते आणि तरीही हा टापू काँग्रेसकडे राहिला. म्हणून 2024 चा निकाल केवळ त्या पैशांच्या माथी मारता येत नाही. लोकसभेला प्रश्न दिल्लीचा होता आणि उत्तर वेगळं आलं. हे पहिल्यांदा घडलं असंही नाही: 1997 च्या पोटनिवडणुकीत इथल्या मतदारांनी भाजपच्या सुंदरलाल पटवांना निवडून कमलनाथांना पाडलं, आणि 1998 मध्ये कमलनाथांना परत आणलं. अशा मतदारसंघाला बालेकिल्ला म्हणणं म्हणजे मतदाराच्या विचाराला मोजायचंच नाही, असं ठरवणं.

माझी खरी काळजी पुढची आहे. यंत्रावरची मतं बूथनिहाय मोजली जातात आणि बूथनिहायच प्रसिद्ध होतात. मोठ्या शहरात याने फारसं बिघडत नाही. रामाकोन्यासारख्या गावात मात्र कोणत्या मोहल्ल्याने कोणाला किती दिलं हे निकालाच्या संध्याकाळी सगळ्यांना कळतं, आणि रस्ता, नळ, गटार यांची पुढची रांग कधी कधी त्यावरून लागते, अशी भीती मतदाराच्या मनात राहते. मतपत्रिकेच्या काळात मोजणीआधी अनेक बूथांच्या पत्रिका एकत्र मिसळण्याची सोय नियमांत होती. यंत्रांसाठी तशी सोय, म्हणजे अनेक बूथांची बेरीज एकदम दाखवणारा टोटलायझर, निवडणूक आयोगाने 2008 साली सुचवला आणि विधी आयोगाने 2015 च्या 255व्या अहवालात उचलून धरला. सरकारने तो स्वीकारला नाही. गडबड झाली तर बूथनिहाय आकड्यांवरून ती पकडता येते, हा त्याविरुद्धचा आक्षेप वजनदार आहे. पण तपासासाठी ते आकडे न्यायालयाच्या आदेशाने उघडता येतील अशी तरतूद करणं अवघड नाही. जिथे न येणंही गावाला कळतं, तिथे आत जाऊन काय केलं हे मोहल्ल्यापुरतंसुद्धा कळू नये, एवढी हमी या मतदाराला मिळायलाच हवी.