तळ्याकाठी चाकांवरचे घर

लहान मुलांना घेऊन परदेशी सहलीला निघायचे म्हटले की आईच्या पोटात गोळाच येतो. धाकट्याला रात्री दोन वाजता भूक लागते, थोरलीला हॉटेलातले काहीच आवडत नाही आणि सहलीचा मॅनेजर मात्र सकाळी साडेसहाला ‘बॅगा खाली आणा’ म्हणून फोन करतो. आठ दिवसांत पाच हॉटेले बदलली तर मुलांना आठवते ती फक्त बस!

अशा कुटुंबांसाठी कॅम्पर हा एक चांगला मार्ग आहे. कॅम्पर म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि बहुधा शौचालयाचीही सोय असलेली मोटार. अमेरिकेत, युरोपात तिची प्रथा जुनी आहे. पण भारतीय कुटुंबाला पहिल्यांदाच हा प्रयोग करायचा असेल, तर न्यूझीलंडचे दक्षिण बेट सर्वांत सोयीचे. तिथे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, इंग्रजीत छापलेला भारतीय वाहन परवाना चालतो, शहरे सोडली तर रस्त्यांवर गर्दी फारशी नसते आणि डोंगरांच्या कुशीतल्या मोठमोठ्या तळ्यांच्या काठी मुक्कामाच्या जागा आहेत.

ख्राइस्टचर्चहून निघून टेकापो, पुकाकी आणि वानाका ही तीन तळी करायची, एवढाच बेत पुरे. टेकापो सव्वादोनशे किलोमीटरवर आणि तिथून वानाका आणखी सुमारे दोनशे. मोठी माणसे हे दोन दिवसांत उरकतील. मुले बरोबर असतील तर सहा-सात रात्री द्याव्यात आणि प्रत्येक तळ्याकाठी निदान दोन. नकाशा समोर आला की क्वीन्सटाउन हवे, मिलफर्ड हवे, हिमनद्यांचा पश्चिम किनाराही हवा असे होते. त्या हव्यासापायी मुलांचा अख्खा दिवस पट्टा लावून खुर्चीत जातो.

आणि पट्टा लावावाच लागतो. सात वर्षांखालच्या मुलांना त्यांच्या वयाचे मान्यताप्राप्त आसन तिथे कायद्याने सक्तीचे आहे. कॅम्परच्या प्रत्येक खुर्चीवर असे आसन बसत नाही, म्हणून आरक्षण करतानाच मुलांची वये सांगून खात्री करून घ्यावी. गाडी चालू असताना मागच्या पलंगावर मुलाला झोपवणे तर मुळीच नको. अरुंद पुलांवर एका वेळी एकाच बाजूची वाहने जातात; पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर आपण थांबायचे. डिझेलच्या गाडीला किलोमीटरमागे रस्ताकर पडतो, तो भाड्याबरोबर वेगळा आकारला जातो. हिशेबात तो आधीच धरावा.

खाण्याचे सामान नेताना विमानतळावरच्या अर्जात सगळे लिहून द्यायचे. चिवडा, चकली, मसाले, लोणचे, काहीही. लपवलेली वस्तू सापडली तर 400 डॉलर दंड होतो. मध नेऊच नये. तूप-दुधाचे पदार्थही अडकण्याची शक्यता असते. डाळ, तांदूळ, दही आणि भाज्या ख्राइस्टचर्चमध्ये मिळतात, तेव्हा कुकर तेवढा बॅगेत टाकला की झाले.

मात्र इथे एक गोष्ट घरूनच ठरवून निघायला हवी. चाकांवरचे घर म्हणजे चाकांवरचे स्वयंपाकघरही! बाबा गाडी चालवणार, मुले दगड वेचणार आणि आई पोळ्या लाटणार असेल, तर तिची कसली सुट्टी? सांडपाण्याची टाकी रिकामी करणे, पिण्याचे पाणी भरणे, शौचालयाची पेटी ठरलेल्या जागी ओतणे ही कामे पुरुषांनी घ्यावीत आणि एकदा तरी खिचडी त्यांनीच टाकावी. ‘हॉलिडे पार्क’ नावाच्या तळांवर वीजजोडणी, गरम पाण्याचे स्नानगृह, कपडे धुण्याचे यंत्र आणि मोठे सामाईक स्वयंपाकघर असते. वाटेत वाटेल तिथे गाडी लावून रात्र काढता येत नाही. पाट्या पाहाव्यात, नाहीतर दंड भरावा.

टेकापो समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर आहे. तळ्याचे पाणी दुधात निळा रंग कालवावा तसे दिसते. हिमनद्या खडक दळत खाली येतात आणि त्याचे पिठासारखे कण पाण्यात तरंगत राहतात, त्यावर पडलेल्या उन्हाचा हा रंग. जात्याची गोष्ट सांगितली की चार वर्षांच्या मुलालाही ते समजते. काठावर 1935 मध्ये बांधलेले दगडी चर्च आहे आणि शेजारी मेंढपाळ कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा. या मुलखाचे मॅकेन्झी हे नाव एका मेंढीचोरावरून पडले आहे! जेम्स मॅकेन्झी 1855 मध्ये हजार मेंढ्यांसह पकडला गेला. त्याच्या कुत्रीचे नाव फ्रायडे. पुतळा तिचा नाही, साऱ्या मेंढपाळ कुत्र्यांचा आहे. पण मुलांना चोराच्या कुत्रीचीच गोष्ट आवडते.

हा परिसर 2012 पासून काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र आहे. तारे पाहायचे तर डिसेंबर टाळावा. तेव्हा सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि अंधार पडेपर्यंत मुले झोपून जातात. एप्रिलच्या उत्तरार्धात, म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीत, सहाच्या आत सूर्यास्त होतो. जेवणाआधीच आकाश भरलेले असते. वायव्येला मृग नक्षत्र उलटे टांगलेले दिसते आणि आपल्याकडे दक्षिण क्षितिजाला चिकटून असणारा त्रिशंकू तिथे उंच चढलेला असतो. थंडी मात्र कडक. पण ऊब यावी म्हणून बंद गाडीत गॅसची शेगडी कधीही पेटवू नये, त्या धुराने जीव जातो.

पुकाकीच्या काठाने जाणारा रस्ता माउंट कुकच्या पायथ्याशी संपतो. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी 1948 मध्ये या शिखरावर पहिल्यांदा चढले होते. 1991 मध्ये शिखराचा माथा कोसळून त्याची उंची घटली आणि आता ती 3,724 मीटर मानली जाते. पायथ्याच्या व्हाइट हॉर्स हिल तळावर वीजजोडणी नाही, एक रात्र गाडीच्या बॅटरीवर काढावी लागते. तरी जावेच, कारण जवळच टास्मान हिमनदीचे तळे आहे.

पायऱ्यांची छोटी चढण चढून गेले की राखाडी पाण्यात तरंगणारे हिमखंड दिसतात. मुले टाळ्या पिटतात. मोठ्यांना मात्र एक माहिती अस्वस्थ करते. 1973 मध्ये इथे हे तळे नव्हतेच. हिमनदी मागे सरत गेली, वितळत गेली आणि 2008 पर्यंत सात किलोमीटर लांबीचे तळे तयार झाले. म्हणजे आजी-आजोबांच्या तरुणपणी जिथे बर्फ होते, तिथे नातवंडे पाणी पाहतात. वाटेतल्या ‘ब्लू लेक्स’चे पाणीही आता हिरवे आहे, हिमनदीचे पाणी बंद झाले आणि डबकी पावसावर भरू लागली. नाव तेवढे निळे राहिले. सात-आठ वर्षांचे मूल ‘बर्फ गेले कुठे?’ असे विचारतेच, तेव्हा उत्तर तयार ठेवलेले बरे.

तिथून 971 मीटर उंचीची लिंडिस खिंड ओलांडून वानाका. गावाजवळ पाण्यातच उभे असलेले एकटे विलोचे झाड छायाचित्रांमुळे जगभर गाजले. 2020 मध्ये कोणीतरी करवतीने त्याच्या फांद्या कापल्या; तरी ते उभे आहे. मुक्कामाला ग्लेन्डू बेचा तळ उत्तम. गाडीचे दार उघडले की समोर तळे आणि पलीकडे बर्फाचे डोंगर. इथे काहीही ‘पाहायचे’ नाही. चपटे खडे शोधून पाण्यावर भाकऱ्या काढण्यात मुलांची सकाळ सहज जाते.

पण काठ सुंदर असला तरी पाणी डोंगरातले आहे, भर उन्हाळ्यातही झोंबणारे. गार पाण्यात अचानक पडल्यावर पोहता येणाऱ्याचाही श्वास अडकतो. मुले पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाचे काम फक्त त्यांच्याकडे बघणे हेच असावे, त्या वेळी फोन नाही की फोटो नाही. नावेत बसताना जीवरक्षक जाकीट हवेच. शिवाय एका तळ्यात भिजलेली बादली, चपला, पोहण्याचे कपडे धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात न्यायचे नाहीत. 2004 मध्ये या बेटावरच्या एका नदीत डिडिमो नावाचे परके शेवाळ सापडले आणि ते ओल्या वस्तूंना चिकटून पसरते, म्हणून हा नियम.

वानाकाहून ख्राइस्टचर्च सव्वाचारशे किलोमीटर आहे. परतताना टेकापोला पुन्हा एक रात्र थांबावे. गाडी क्वीन्सटाउनला सोडायची असेल तर अंतर फार थोडे, मात्र क्राउन रेंजचा वळणांचा चढ टाळून क्रॉमवेलमार्गे जावे. परत करण्याआधी टाकी भरायची, शौचालयाची पेटी रिकामी करायची आणि गादीखाली एकदा हात घालून पाहायचा. मुलांनी वेचलेले निम्मे खडे तिथेच असतात!